चेहरा लागणार असेल तर

३ सप्टेंबर, मंगळवार

कात्री आज स्वतः जिने चढून आली. कपड्यांच्या धंद्यात तिला सगळे कात्रीच म्हणतात, अगदी तोंडावर, आणि तिला ते आवडतं. सात कोट आहेत, सगळे लोकरीचे, साठीच्या पुढच्या बायकांसाठी शिवलेले. त्यांचे काळे-पांढरे फोटो हवेत, फिल्मवर काढलेले, हाताने छापलेले, माणसाच्या उंचीचे. एकोणतीस तारखेला प्रदर्शन.

"रंग दाखवला की लोक रंगच बघत बसतात," ती म्हणाली. "मला शिलाई दिसायला हवी. आणि तो कोट घालणारी बाई."

मी हो म्हटलं. ती जिना उतरून गेल्यावर कॅलेंडरवर एकोणतीस तारखेभोवती गोल काढला.

एकोणीस वर्षं मी मोठ्या स्टुडिओत दुसऱ्यांनी काढलेले फोटो छापले. काळा कोट काळ्या पडद्यातून सोडवून कसा काढायचा, गालावरची राखाडी छटा कितपत हलकी करायची, हे मला झोपेतही जमेल. मग स्टुडिओने डार्करूम बंद केली, मला कॉम्प्युटरपुढची खुर्ची देऊ केली आणि मी नको म्हणून बाहेर पडले. त्याला तीन महिने झाले. ही खोली घेतली ती तिच्या उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीसाठी. खाली बाइंडिंगचं दुकान आहे. आतापर्यंत आलेली गिऱ्हाइकं म्हणजे ओळखपत्राच्या फोटोवाले नऊ जण, आणि खालचा बाइंडर. त्याने स्वतःचा फोटो बघून विचारलं, "मी एवढा आजारी दिसतो का?"

इथे खरं लिहायला हरकत नाही. निगेटिव्हमधल्या माणसाची मला कधी भीती वाटली नाही. समोर बसून माझ्याकडे बघणाऱ्या माणसाची वाटते.

५ सप्टेंबर, गुरुवार

आई आजही एक वाजता डबा घेऊन आल्या. (सासूबाईंना मी आईच म्हणते.) हे रोजचंच झालंय. येतात, दाराजवळच्या स्टुलावर बसतात, मी जेवेपर्यंत सगळ्या खोलीवरून नजर फिरवतात. दिवे, पडदे, वाळत घातलेले फोटो. बोलत काही नाहीत. रिकामा डबा घेऊन जातात.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी नवऱ्याला म्हटलं, आई माझ्यावर नजर ठेवायला येतात. तो म्हणाला, "अगं, दोन बस बदलून कोण नजर ठेवायला येईल?" त्याला काय सांगायचं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याच्या जगात सगळं एक तर वर जातं नाही तर खाली येतं.

नोकरी सोडली हे आईंना आवडलेलं नाही. त्या दिवशी फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, "ठरवलंस ना? मग झालं." मग झालं म्हणजे काय झालं?

९ सप्टेंबर, सोमवार

कोटांसाठी कात्रीने पाठवलेल्या बाई आज आल्या. नाटकांत कामं करतात, पासष्टीच्या असतील, मान उंच, केस पांढरेशुभ्र. बसल्यावर त्यांनी विचारलं, "काय करू?" मी म्हटलं, "काही नाही, बसा." त्या बसल्या. मी काढत राहिले. दोन रोल संपले.

जाताना म्हणाल्या, "तुम्ही कॅमेऱ्यामागे आहात की निघून गेलात, तेच मला कळेना."

हसून म्हणाल्या, पण संध्याकाळी कात्रीचा फोन आला. त्या येणार नाहीत. दुसरं काम लागलंय म्हणे.

वीस दिवस उरलेत.

१२ सप्टेंबर, गुरुवार

काय झालं ते नीट लिहून ठेवते.

कात्री सातही कोट घेऊन आली होती, मुख्यतः मला झापायला. कोट दांडीवर लटकवले आणि बोलायला सुरुवात केली. "तुला माणसांशी बोलता येतं का गं?" वगैरे. तेवढ्यात एक वाजला आणि आई आल्या. डबा टेबलावर ठेवला, दांडीपाशी गेल्या, आणि न विचारता तिसऱ्या कोटाची कॉलर अंगठ्याने उलटी करून पुन्हा बसवली. म्हणाल्या, "हा असा टांगला तर खांदा ओढला जाईल."

कात्री बोलायची थांबली. "घालून बघता?"

आईंनी कोट घातला आणि उभ्या राहिल्या. बास, नुसत्या उभ्या राहिल्या. हात कापडापासून बोटभर लांब, एक गुडघा जरासा सैल. पण कोट अंगावर असा काही बसला की दांडीवर होता तो हाच का, असं वाटलं.

"कुठे उभ्या राहायचात तुम्ही?" कात्रीने विचारलं.

"रेडिमेडच्या कंपनीत. फिटिंगला. नवा कपडा आधी माझ्या अंगावर बसवायचे. बावीस वर्षं."

सोळा वर्षं मी त्या घरात आहे. त्या कपड्यांच्या कंपनीत होत्या एवढं माहीत होतं. मला वाटायचं, बटणं लावत असतील.

"मग झालं," कात्री म्हणाली. "ह्याच."

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी कॅमेऱ्यात रोल भरत होते, मान वर न करताच म्हटलं, "आईंना जमणार असेल तर बघा."

त्या म्हणाल्या, "चेहरा लागणार असेल तर माहीत नाही बाई."

कात्री हसली. मीही हसले. आई कधीतरी अशी मजा करतात.

आता माझं काय होणार? अनोळखी बाईचे फोटो बिघडले तर ती निघून तरी जाते.

१४ सप्टेंबर, शनिवार

सकाळी बाथरूम पस्तीस मिनिटं बंद. आई आत. कालही तेच. मला निघायला उशीर झाला. मी काही बोलले नाही, पण दार वाजवलं तेव्हा वाजवायला नको इतक्या जोरात वाजवलं.

शिवाय स्टुडिओतला हातआरसा परवापासून सापडत नाही. गिऱ्हाइकं त्यात केस नीट करतात. बाइंडरला विचारलं, तर तो दुखावला. "मला आरसा लागतो असं वाटतं का तुम्हाला? तुम्ही काढलेल्या फोटोनंतर तर नाहीच."

नवरा हसत सांगत होता, "आई विचारत होती, फोटो काढताना श्वास घ्यायचा असतो की सोडायचा." म्हटलं, मग मला का नाही विचारत? म्हणाला, "तू कामात असतेस म्हणे."

घरात मी कुठे कामात असते?

१६ सप्टेंबर, सोमवार

पहिला दिवस. चार कोट, सहा रोल.

प्रकाश मनासारखा मिळाला. डावीकडून खिडकी. उजवीकडे लोक पांढरा तक्ता उभा करतात, म्हणजे सावली भरून निघते. मी उलट काळं कापड लावलं. त्या बाजूचा गाल आणि बाही अशी हळूहळू अंधारात जाते की लोकरीचा प्रत्येक धागा दिसतो. कापड लावून मागे आले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे मला येतंय.

आई चार तास उभ्या होत्या. एकदाही डोलल्या नाहीत. मी सांगितलं तेवढ्याच वळल्या. पण चेहरा म्हणजे दुपारी बंद केलेलं दुकान. ओठ मिटलेले, डोळे भिंतीवर. सोळा वर्षांची नापसंती एका जागी गोळा झाली होती जणू.

मी गप्पच राहिले. बोलायला गेले असते तर आवाज कापला असता, आणि ते त्यांना कळायला नको होतं. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "बरोबर आहे का?" मी मनात सेकंद मोजत होते, म्हटलं, "हं." पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

घरी जाताना बसमध्ये शेजारी बसलो. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मीही त्यांच्या पलीकडून त्याच खिडकीतून बाहेर बघत होते.

१८ सप्टेंबर, बुधवार

कॉन्टॅक्ट शीट छापल्या. एकेका कागदावर रोलमधले बाराही फोटो, टिचभर टिचभर. डोळ्याला भिंग लावून बघत गेले. बहात्तर फोटो, बहात्तर वेळा तोच चेहरा.

कात्रीनेही भिंग लावलं. एकेक शीट बघून बाजूला ठेवत गेली. मग म्हणाली, "कोट जिवंत आहेत. बाई कुठे गेली?"

मी म्हटलं, "त्या तशाच आहेत."

"तशा असत्या तर मी त्यांना घेतलंच नसतं. सोमवारपर्यंत बघ. नाही तर मी दुसरीकडे जाते."

हे काम गेलं तर मी पुन्हा ओळखपत्रांवर. आणि आई काय म्हणतील? काहीच म्हणणार नाहीत. तेच तर.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मार्ग सापडला. खरं तर समोरच होता.

काटकोनात कापलेले पुठ्ठ्याचे दोन तुकडे फोटोवर सरकवत नेले की नको तो भाग झाकला जातो आणि फोटोची नवी चौकट मिळते. एकोणीस वर्षं हेच केलंय. वरचा पुठ्ठा खाली आणत गेले, कपाळ गेलं, डोळे गेले, हनुवटी गेली, आणि काय चित्र उरलं. कॉलरपासून गुडघ्यापर्यंत नुसता कोट, एका बाजूने उजेडात, दुसऱ्या बाजूने काळोखात, आणि खाली ते दोन हात. इतका सुंदर फोटो मी आजवर काढला नव्हता.

दुपारपर्यंत चार प्रिंट केल्या. कात्रीला बाई हवी होती, पण हे बघून ती विसरेल. मनावरचं दडपण एकदम उतरलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आईंनी माझं कौतुक केलं. तारीख लिहून ठेवायलाच हवी.

एक वाजता आल्या तेव्हा चारही प्रिंट दोरीवर होत्या. एकेकीपुढे उभ्या राहून बघितल्या. चौथीपुढे जास्त वेळ. मग म्हणाल्या, "कोट छान आलाय." सोळा वर्षांत पहिल्यांदा.

आज डब्यासाठी थांबल्या नाहीत, काम आहे म्हणाल्या. कित्येक दिवसांनी मी पोटभर जेवले.

२१ सप्टेंबर, शनिवार

आई आल्या नाहीत. गुडघा दुखतोय म्हणे. डबा नवऱ्याबरोबर पाठवला. त्याला सुट्टी होती.

त्याने दोरीवरच्या प्रिंट बघितल्या आणि हसला. "अरे, हे तर आईचे जुने कॅटलॉग."

मी विचारलं, कसले कॅटलॉग?

"कंपनी दर वर्षी छापायची ना. आई घरी आणायची. सगळ्या पानांवर तीच. पण मान संपली की फोटो संपला. मी शाळेत न्यायचो, ही माझी आई म्हणून दाखवायचो. पोरं म्हणायची, कशावरून? डोकं कुठंय? मी हातांवरून ओळखायला शिकलो होतो, पण ते त्यांना कसं सांगणार." तो पुन्हा हसायला लागला आणि अर्ध्यातच थांबला. "तिने बघितले का हे?"

मी हो म्हटलं.

"काय म्हणाली?"

"कोट छान आलाय म्हणाल्या."

त्याने स्टूल ओढलं. मग डबा उघडून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "जेव."

चारही प्रिंट उतरवल्या. फाडायला घेतल्या, पण फाडवेनात, कारण फोटो चांगलेच आहेत. खणात पालथ्या घालून ठेवल्या. डबा तसाच झाकून ठेवला. त्या फोटोंपुढे उभ्या होत्या तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं, माझं लक्ष प्रिंट वाळल्या की नाहीत याच्याकडे होतं.

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून त्यांच्याशी बोलायचं ठरवत होते. त्या ओटा पुसत होत्या. मी दोनदा पाणी प्यायले. तिसऱ्यांदा पेला उचलला तेव्हा त्याच म्हणाल्या, "काय गं?"

"आई, उद्या याल का? गुडघा बरा असेल तर."

"कशाला?"

"कोटांसाठी."

त्यांनी फडकं पिळलं, झटकलं, वाळत टाकलं. "डोकं नको असेल तर माझी काय गरज? माप आपलं सारखंच आहे. तूच घाल कोट. बटण मी दाबते."

आवाज जराही चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं. मला क्षमा मागायची होती. ती कशी मागतात ते आठवेना. म्हटलं, "या तर."

"बघते," म्हणाल्या.

२३ सप्टेंबर, सोमवार

आल्या.

मी सगळी मांडामांड करून ठेवली होती. त्यांनी पर्स स्टुलावर ठेवली, त्यातून माझा हातआरसा काढला आणि टेबलावर ठेवला. "हा तुझा. विचारायचं राहिलं." मग पाचवा कोट दांडीवरून उतरवून माझ्यासमोर धरला, बाह्या घालता येतील असा.

मला वाटलं होतं, काल त्या रागाने बोलल्या. पण त्या खरंच कोट धरून उभ्या होत्या. मी हात घातले. त्यांनी खांदे बसवले, पाठीवरची घडी काढली, मला हाताने धरून खिडकीजवळच्या खुणेवर नेऊन उभं केलं. कॅमेऱ्यामागे गेल्या. कुठे दाबायचं ते मी लांबूनच सांगितलं.

मग काहीच झालं नाही. त्या कॅमेऱ्यामागे, मी पुढे. मला आपले हात कुठे ठेवायचे कळेना. आपण पापणी मिटतोय हे मला ऐकू येऊ लागलं. काचेमागे कोणीतरी आहे, माझ्यात काहीतरी बघतंय, ते वाईटच असणार, एवढंच डोक्यात. एक मिनिट झालं असेल. मी विचारलं, "बरोबर आहे का?"

"हं," आई म्हणाल्या.

मला पळून जावंसं वाटलं. ओठ आपोआप मिटले, नजर भिंतीला चिकटली. खटका वाजला.

"आता तुझा चेहरा माझ्यासारखा झाला," त्या म्हणाल्या. रागाने नाही, टाका नीट बसला की बाई ज्या आवाजात बोलते त्या आवाजात. पुढे येऊन त्यांनी माझी बटणं काढली, कोट स्वतःच्या अंगात घातला आणि खुणेवर जाऊन उभ्या राहिल्या.

मी मागे गेले. काचेतून बघितलं तर त्यांनी भिंतीऐवजी सरळ माझ्याकडे बघितलेलं. मी तयार नव्हते, बाहीची घडी विस्कटलेली होती, तरी दाबलं.

मग मी बोलायला लागले. काय बोलले देव जाणे. बाइंडर आजारी दिसतो ते सांगितलं. त्यांचा मुलगा एकदा लिफ्टमध्ये अडकला आणि आतूनच स्वतःला फोन करून तक्रार नोंदवत होता, ते सांगितलं. ते त्यांना माहीतच नव्हतं. त्या हसल्या. मग त्याही बोलायला लागल्या. कंपनीतला कटर तोंडात टाचण्या धरून बोलायचा, त्यामुळे बावीस वर्षांत त्याचं एक वाक्य धड कळलं नाही. एकच वाक्य तो टाचण्या काढून बोलायचा. चेहरा हलवू नका, गिऱ्हाइकाचं लक्ष कपड्यावरून जातं.

"पहिल्या वर्षी रोज सांगायचा," आई म्हणाल्या. "नंतर सांगायला लागलं नाही."

मी त्या वाक्यावर बटण दाबायला विसरले. मग आठवण झाली.

सात कोट, नऊ रोल. डबा दोघींनी खाल्ला. 

२४ सप्टेंबर, मंगळवार

कात्रीने आठ मिनिटांत सहा कोटांचे फोटो निवडले. हसणारे, बोलणारे, एकात आई हात उडवून काहीतरी सांगतायत. पाचव्या कोटासाठी, दारासमोरच्या मोठ्या भिंतीसाठी, तिने नेमका तो निवडला. मी तयार नसताना काढलेला.

"बाही विस्कटलीय," मी म्हटलं.

"दिसतंय मला."

"आणि त्या रागावल्यायत त्यात. आदल्या दिवशी आमचं जरा झालं होतं."

कात्रीने भिंग खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "रागावल्यायत?" मग म्हणाली, "बरं. मोठा छाप."

२६ सप्टेंबर, गुरुवार

पाचवा कोट अकरा वेळा छापला. एवढा मोठा कागद एकटीने द्रावणात घालायचा म्हणजे नाकी नऊ येतात. पहिल्या प्रिंटमध्ये डोळ्यांखालची छाया पातळ आली, राग पुरेसा दिसेना. म्हणून कागदावर तेवढ्याच जागी जास्त प्रकाश पडू दिला, की तो तिथे काळवंडतो, आणि काळा गडद करत नेला. अकरावी जमली. बघताना मला अजूनही दोन पावलं मागे जावंसं वाटतं. लोक म्हणतील, सुनेने सासूला किती कठोर दाखवलंय. पण फोटो म्हणून उत्तम आहे.

आईंना अजून दाखवलेला नाही. धीर होत नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

प्रदर्शन झालं. आताच घरी आलो. अजून अंधार पडायचाय. आठवतंय तोवर लिहिते.

दारातून आत गेल्या गेल्या समोर आई, सहा फूट उंच. खऱ्या आई माझ्या शेजारी. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि कात्रीला शोधायच्या निमित्ताने सटकले. परत आले तर त्या खांबाआड उभ्या, त्या फोटोसमोर येणारे लोक काय बोलतात ते ऐकत होत्या. हसणाऱ्या फोटोंकडे त्या फिरकल्याही नव्हत्या. मी त्यांच्या मागे जाऊन थांबले.

दोन बायका फोटोपुढे आल्या. एक म्हणाली, "काय करारी बाई आहे. हिच्यापुढे कोणाची बोलायची हिंमत होणार नाही."

आई खांबाआडून बाहेर आल्या. "करारी नाही," त्या म्हणाल्या. "घाबरलीय ती."

त्या बाईने आईंकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, आणि ओळखलं. "अगंबाई, तुम्हीच," म्हणाली. मग फोटोच्या आणखी जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "हो की."

मीही बघितलं. अकरा वेळा छापलेला चेहरा. भुवया आत ओढलेल्या, खालचा ओठ दातांत जरासा धरलेला. डोळे माझ्यावर आहेत, पण त्यात राग कुठेच नाही. एखादं माणूस निकाल ऐकायला उभं असतं तसे डोळे. मी त्यांच्या खालची सावली गडद करत बसले होते.

त्या बायका गेल्यावर विचारलं, "कशाला घाबरला होतात, आई?"

त्यांनी जरा विचार केला. "आधी तू काहीच बोलत नव्हतीस म्हणून. आणि त्या दिवशी वाटलं, आता बोलशील."

मी म्हटलं, "मीही तुम्हाला घाबरूनच गप्प होते." त्या म्हणाल्या, "मला? मला कशाला?" आणि खरंच आश्चर्याने माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाय दुखले. बसायला कुठे आहे का बघ."

दोन जणींनी फोटो काढून घ्यायचे म्हणून माझा नंबर घेतलाय. एक म्हणजे ती करारी म्हणणारी बाई. परवा सकाळीच येणार आहे. बसमध्ये आईंना म्हटलं, परवा तुम्ही लवकर याल का, तुम्ही असलात की बरं. त्या म्हणाल्या, "मी कशाला? तू बोल तिच्याशी."

तिला काय विचारायचं, कुठे बसवायचं, काही ठरत नाही. पहिलं वाक्य तेवढं ठरवलंय, इथे लिहून ठेवते, म्हणजे ऐनवेळी विसरणार नाही: "मला जरा भीती वाटतेय. तुम्हाला?"